लेकरू एकटंच प्रोग्रॅमिंग शिकतंय, तेव्हा

परतवाड्याच्या आईबाबांनो,

अकरावी-बारावीला ज्यांच्या लेकरांनी कंप्युटर सायन्स घेतलं आहे, त्यांच्याशी आज थोडं मनातलं बोलायचं आहे. द्विलक्षी विषय, 200 गुणांचा. सी प्लस प्लस, एचटीएमएल, डेटा स्ट्रक्चर, मायक्रोप्रोसेसर, सगळं त्यात आलं. शिकवणीसाठी रोज 50 किलोमीटरवरच्या अमरावतीला जाणं-येणं करणं प्रत्येक घराला झेपत नाही. म्हणून लेकरू घरीच शिकतं. घाबरू नका, हे घरी शिकता येतं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये सी प्लस प्लसचे धडे मराठीतही आहेत, आणि फुकट आहेत.

तुम्हाला मात्र एक दृश्य सोसावं लागेल. लेकरू तासभर एकाच प्रोग्रॅमपुढं बसलेलं असतं आणि काहीच चालत नसतं. सातव्या ओळीत अर्धविराम राहिलेला असतो, पण प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर कधी कधी बोट दाखवतो आठव्या ओळीवर. ती चूक शोधण्यात गेलेला तास वाया जात नाही. प्रोग्रॅमिंग येतं ते त्याच तासात. त्या वेळी "जमत नसेल तर सोड" म्हणू नका.

घरी कंप्युटर नाही, म्हणून मन खट्टू करू नका. प्रात्यक्षिकाचा सराव कॉलेजच्या लॅबमध्ये लागेलच, पण लेखी पेपरात प्रोग्रॅम हातानंच लिहायचा असतो. वहीवर एकेक ओळ चालवून कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आलं ते मांडायचं, याला ड्राय रन म्हणतात. लाइट गेली तरी तो थांबत नाही.

आणि यात तुम्हीही बसू शकता. अभ्यासक्रमात बबल सॉर्ट आहे, म्हणजे लहान-मोठ्या क्रमानं लावण्याची एक रीत. लहान-मोठी पाच संत्री ओळीत ठेवा. लेकरू सांगेल तसं शेजारची दोन संत्री ताडून पाहा. डावीकडचं मोठं असेल तर अदलाबदल करा. अशा चार तुलना झाल्या की सगळ्यांत मोठं संत्रं उजव्या टोकाला पोचलेलं दिसेल. मग उरलेल्या चारांची पाळी. फक्त सांगितलं तेवढंच करा, आपलं डोकं लावू नका. कंप्युटरही तेवढंच करतो. सांगण्यात एक पायरी सुटली, तर ती लेकराच्या लगेच ध्यानात येईल.

किती तास बसलास, किती मार्क पडतील, हे रोज विचारू नका. आज कोणती एरर आली आणि ती कशी काढलीस, एवढं विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. सगळं कळलं नाही तरी चालेल. समजावून सांगताना लेकराचाच विषय पक्का होत असतो.