मार्चमध्ये पेरा, भीमजयंतीला खुडा

थंडीत डब्यांतून लावलेली मेथी आणि पालक आता पाहा. पालकाला तुरा आला असेल, मेथी फुलली असेल, पाने जून लागत असतील. आपले काही चुकले असे समजू नका. या थंडीच्या भाज्या आहेत. ऊन तापू लागले की त्या बी धरतात. उरलेली कोवळी पाने खुडून घ्या आणि डबे मोकळे करा. आता लाल माठ, चवळई, राजगिरा, अंबाडी यांची पाळी आहे.

आरोग्याच्या पानावर भाजीची गोष्ट का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 54 जणींना रक्तक्षय आहे. पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण 100 मध्ये जवळजवळ 69 आहे. जिना चढताना दम लागतो, चक्कर येते, पाय गळून जातात. ‘कामाचा शीण’ म्हणून आपण ते अंगावर काढतो. भाजी महागली की पालेभाजीची जुडी आधी बंद होते, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर बाईच्या वाट्याला तळाचा रस्सा उरतो.

पेरणी कशी करावी?

ताडीवाला रोड असो, येरवडा असो की जनता वसाहत, आपल्याकडे अंगण नाही. पण उंबऱ्याशी एक-दोन डबे मावतात. फुटकी बादली, तेलाचा डबा, थर्माकोलचा खोका चालेल. रंगाचे किंवा औषधांचे डबे नकोत. तळाला भोके पाडा. वीतभर खोली पुरे. तीन-चार तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. जड डबे घराच्या पत्र्यावर ठेवू नका.

निम्मी माती आणि निम्मे शेणखत किंवा गांडूळखत मिसळा. नाल्याकाठची किंवा मुठेच्या पात्रातली माती आणू नका, त्यात सांडपाणी मुरलेले असते. माठाचे बी बारीक असते. ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. साधारण आठवडाभरात कोंब दिसतात. दाट उगवलेली रोपे उपटून भाजीत घाला. पुढे 25 ते 30 दिवसांत माठ काढणीला येतो. मुळासकट न उपटता बोटभर बुडखा ठेवून कापला तर पुन्हा फुटतो.

उन्हात जपणूक

पाणी सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर द्या. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. दुपारी जुन्या साडीची सावली करा. डब्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. ताटली आठवड्यातून एकदा तरी घासून कोरडी करा.

ताटात येताना

पालेभाजीतले लोह शरीर सहजी घेत नाही. त्यासाठी जेवताना लिंबू पिळा किंवा आवळा खा. जेवणानंतर तासभर चहा नको, कारण चहा लोह अडवतो. भाजीबरोबर डाळ, मटकी, परवडेल तसे अंडे-मटण असू द्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: डब्यातला माठ म्हणजे औषध नव्हे. हिमोग्लोबिन 12 च्या खाली (गरोदरपणात 11 च्या खाली) असेल तर गोळ्या घ्याव्याच लागतात. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. आशाताईंना विचारा. गोळीने शौचास काळी होते, घाबरून गोळी सोडू नका.

सिद्धार्थाने देह सुकवणारी तपश्चर्या सोडून सुजाताची खीर स्वीकारली, हे आपण विहारात ऐकतो. उपाशी देहाने ज्ञान मिळत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले. मग घर चालवणाऱ्या बाईने अर्धपोटी का राहावे?

या आठवड्यात पेरले तर 14 एप्रिलपर्यंत पहिली खुडणी होईल. पौर्णिमेला विहारात येताना उरलेले बी पुडीत बांधून आणा, शेजारणीला द्या. आणि जयंतीच्या दिवशी ती भाजी आधी घरातल्या बाईच्या ताटात वाढा. समतेची सुरुवात आपल्या चुलीपासून करू या.

जय भीम! नमो बुद्धाय!