परसबागेतील सांबार आणि इतिहासाचा तास

आठवीच्या वर्गात इतिहासाचा पहिला तास आम्ही बहुधा स्वयंपाकघरातून सुरू करतो. वरणात काय काय पडते, असे विचारले की मुले भराभर सांगू लागतात : जिरे, मोहरी, मिरची, कढीपत्ता आणि वरून सांबार. (विदर्भाबाहेरील वाचकांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर.) मग आम्ही पुढचा प्रश्न टाकतो. यांपैकी कोणती वस्तू सम्राट अशोकाच्या मुदपाकखान्यात असणे शक्य नव्हते? मिरचीचे नाव क्वचितच कोणी घेते. मिरची मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. धणे मात्र फार जुने. संस्कृतातील ‘कुस्तुंबुरु’ या शब्दातच आपल्या कोथिंबिरीचे नाव दडलेले आहे, आणि इजिप्तच्या तुतनखामेन राजाची कबर १९२२ साली उजेडात आली तेव्हा तिच्यातही धणे निघाले. कढीपत्ता तर याच भूमीचा.

हिरवा पाला ताजा असला म्हणजे भागले, असे नाही. तो चुलीवर केव्हा टाकावा हेही कळावे लागते. कढीपत्त्याचा सुवास तापलेल्या तेलातच सुटतो, म्हणून त्याची जागा फोडणीत. सांबाराचे उलट आहे. त्याचा गंध उकळीने उडून जातो. पातेले उतरवल्यावर तो घालावा आणि झाकण ठेवावे. कोवळ्या देठांत चव पानांहून अधिक असते, ते फेकून न देता वाटणात घ्यावेत. वसतिगृहातील पातळ वरणाची थट्टा न केलेला माजी विद्यार्थी विरळाच. त्या वरणाला आधार होता तो या दोन पानांचाच.

लागवडीत अवघड असे काही नाही. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवून पेरावेत. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात आणि सव्वा-दीड महिन्यात पाला कापणीस येतो. हिवाळा त्याला मानवतो, उन्हाळ्यात तो लवकर फुलावर जातो. सांबारवडीचा मोसम हिवाळा का, याचे उत्तर यातच आहे.

परंतु वाफा म्हटला की पाणी आले. आमच्या आजीच्या पिढीला गावच्या विहिरीवर चढण्याची मुभा नव्हती. कोणी वरून घागरीत ओतील तेवढ्यावर घर चालायचे. त्यातले पाणी सांबाराला कोण घालणार? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जो हक्क बजावला, त्याचे स्मरण आपण ओंजळीतील पाण्याने करतो. त्याचा संबंध दारातल्या वाफ्याशीही आहे, असे आम्हांस वाटते. घराशेजारी नळ आला तेव्हा आमच्या आईने पहिले काम केले ते फुटक्या माठाच्या बुडात माती भरून धणे पेरण्याचे. त्या वर्षी घरात काहीही शिजले तरी त्यावर सांबार असे, चहा तेवढा सुटला.

आजीच्या चुलीवर हिरवे शिजे ते रानातले : पहिल्या पावसानंतर तरोटा, उन्हाळ्यात चिवळ. गरिबीची भाजी म्हणून पुढच्या पिढीने ती टाकून दिली. आम्हीही दिली, हे कबूल केले पाहिजे. तिच्यासोबत कोणते पान केव्हा खुडायचे, हे ज्ञानही जाऊ लागले आहे.

गेल्या पावसाळ्यात भोजनगृहामागील वाफे निंदताना मुलांनी तरोट्याचा ढीग उपटून कुंपणाबाहेर टाकला होता. आम्ही तो परत आणविला आणि फुलावर न आलेली कोवळी पाने खुडून घेतली. भिजवलेली चणाडाळ, ठेचलेला लसूण, थोडा कांदा. पाणी अजिबात नाही. निंदणाऱ्या मुलांपैकी दोघांनी भाजी आधी ताटाच्या कडेला सारली, मग पोळी संपायच्या आत आणखी वाढायला सांगितले.