जखमी खारीची शुश्रूषा

‘खारीचा वाटा’ हा वाक्प्रचार आपण वर्गात शिकतो. जखमी खारीसाठी आपला वाटा कोणता, हे मात्र मी चुकूनच शिकलो.

अकोटला आमच्या अंगणातल्या निंबाखाली मांजराच्या तोंडून सुटलेली खार सापडली. दयेपोटी मी तिला चमच्याने दूध पाजले. सकाळी ती मेलेली होती. पुढे ग्रंथालयात वाचले, की गारठलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याच्या तोंडात ओतलेला द्रव फुप्फुसात जाऊ शकतो.

म्हणून प्रथम ऊब द्यावी. पाणी व अन्न नंतर. खार जाड कापडाने उचलावी, शेपटी धरू नये. तिची कातडी सोलून निघते. भोके पाडलेल्या खोक्यात मऊ फडके घालून एका बाजूला कोमट पाण्याची बाटली गुंडाळून ठेवावी. अंधार व शांतता हवी. मांजराच्या दाताची जखम टाचणीएवढी दिसली तरी आत जंतू शिरतात; त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. माणसांची औषधे देऊ नयेत.

पुढच्या पावसाळ्यात दुसरी खार मिळाली. या वेळी असेच केले. आई म्हणाली, “पुस्तकात हे बी रायते काय रे?” आमच्या घरात पुस्तक उघडणारा मी पहिलाच. बरी होताच ती खार त्याच निंबावर सोडली. खार रानजीव आहे. तिला सोडून देणे हाही शुश्रूषेचाच भाग होय.