अतिमानवांचा पंक्तिप्रपंच

महाविद्यालयाच्या वार्षिकात चित्रकथांवर लेख पाहून काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठ्या उमटतील, हे मी गृहीतच धरले आहे. तासाला पुस्तकाआड लपवून वाचायची ती चीज. तिचा अभ्यास तो काय करायचा! परंतु शूर कोण, दुष्ट कोण आणि शूराच्या मागे सामान घेऊन धावणारा कोण, हे लाखो मुलांच्या मनावर ज्या पानांनी ठसवले ती पाने अभ्यासाला अगदीच हलकी नसावीत.

आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत मामाने जपून ठेवलेले इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक होते. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये ही माला सुरू केली आणि १९९० पर्यंत ती चालली. तिच्यातला वेताळ गोरा, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो ज्यांचे रक्षण करी त्या टोळ्या काळ्या. जादूगार मँड्रेकचा सोबती लोथार हा खरे म्हणजे आफ्रिकेतला राजपुत्र. पण १९३४ पासून कितीतरी वर्षे तो चित्त्याचे कातडे गुंडाळून, मोडके इंग्रजी बोलत मालकामागे उभा असे. १९६५ मध्ये चित्रकार बदलला, तेव्हा कुठे त्याच्या अंगावर नीट कपडे आले आणि तोंडी नीट भाषा आली. मौज अशी की मूळ कथांतला 'बंगाला' देश इंद्रजालच्या अंकांत 'डेंकाली' झाला आणि 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. आपलेच नाव चाच्यांना दिलेले इथल्या वाचकाला रुचणार नाही, हे उघडच होते. म्हणजे चित्र कोणाला कुठे बोचते हे प्रकाशकांना कळत होते. बोचणाऱ्याच्या हाती अंकाचे पैसे असले की ते लवकर कळते, एवढेच.

ही गोष्ट मनात धरून अमेरिकी सुपरहीरो चित्रकथांच्या एका विशिष्ट प्रकाराकडे पाहावयाचे आहे. तो प्रकार म्हणजे संमिश्र अंक. एका अंकात पाच-सात लहान कथा, प्रत्येकीचा लेखक निराळा, चित्रकार निराळा, नायकही निराळा. सुपरहीरोंचा जन्मच मुळी या प्रकारात झाला. सुपरमॅन १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला, तो इतर अनेक कथांच्या शेजारी. १९३९ चा बॅटमॅन 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये आणि १९६२ चा स्पायडरमॅन 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात असाच आला. वाचकाला आवडला तर त्याला स्वतःचे मासिक मिळायचे, नाही तर तो विसरला जायचा. थोडक्यात, ही पंगत होती आणि तिच्यात पान मिळाले तर पुढचे सारे शक्य होते. म्हणूनच पान कोणाला मिळाले आणि वाढप कसे झाले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रारंभीच्या काळात काळ्या किंवा आशियाई माणसाला पान नव्हते असे नाही. ते होते, पण विदूषकाचे. १९४१ च्या 'यंग अलाइज'मध्ये कॅप्टन अमेरिकेच्या बाल साथीदाराबरोबर मुलांची एक टोळी आहे. तीत एक काळा मुलगा आहे. त्याचे नाव व्हाइटवॉश जोन्स, ओठ जाड रंगवलेले, आणि काम भिऊन पळण्याचे व हसवण्याचे. टोळीत सर्व प्रकारची मुले आहेत असे या चित्राकडे बोट दाखवून म्हणता येईल. नुसती डोकी मोजली तर प्रतिनिधित्व झाले! संख्येवर विसंबण्यातला धोका दाखवायला याहून बोलके उदाहरण मला सापडले नाही.

१९४४ च्या 'ब्लेझिंग कॉमिक्स' या संमिश्र अंकात चू हिंग नावाच्या चिनी-अमेरिकी चित्रकाराने 'ग्रीन टर्टल' नावाचा नायक काढला. तो चीनमध्ये जपानी सैन्याशी लढतो. अमेरिकेने चिनी लोकांना बंदी करणारा कायदा नुकताच, १९४३ मध्ये, रद्द केला होता. असे सांगतात की चू हिंगला हा नायक चिनी करावयाचा होता आणि प्रकाशकाला ते नको होते. खरे-खोटे कोणी सिद्ध केलेले नाही. परंतु अंक उघडला की एक विचित्र गोष्ट दिसते. नायकाचा चेहरा वाचकाला जवळजवळ कधीच नीट दिसत नाही. कधी तो पाठमोरा आहे, कधी हात आडवा आला आहे, कधी कसलीतरी सावली. त्याची हकीगत विचारली की तो सांगायला लागतो आणि काहीतरी अडथळा येतो. शिवाय त्वचेचा रंग इतका गुलाबी की कोणाही मनुष्यप्राण्याचा तसा नसेल. नायकाचा चेहरा काढायचा की नाही, यावर चित्रकार आणि धनी यांच्यात पानोपानी झटापट चालली आहे, असे हा अंक पाहताना वाटत राहते. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की युद्धकाळातल्या चित्रकथांत जपानी माणूस सरसकट विद्रूप रंगवला जाई. एका आशियाई समाजाला नायकाची जागा मिळण्याची शक्यता निर्माण झाली ती दुसऱ्याला राक्षस करूनच.

यानंतर तीन वर्षांनी जे घडले ते या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. ऑरिन इव्हान्स हे फिलाडेल्फियातले काळे पत्रकार. गोऱ्यांच्या मालकीच्या मोठ्या दैनिकात सर्वसाधारण बातमीदारी करणाऱ्या पहिल्या काळ्या पत्रकारांपैकी ते एक. 'फिलाडेल्फिया रेकॉर्ड' हे त्यांचे वृत्तपत्र १९४७ मध्ये बंद पडले, तेव्हा त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना हाताशी धरून 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढले. (नावातला शब्द त्या काळचा आहे, आज तो कोणी वापरीत नाही.) जून १९४७ चा तो अंक, पाने ४८, किंमत १५ सेंट. इतर अंक तेव्हा १० सेंटला मिळत. अंकातली प्रत्येक रेघ काळ्या चित्रकाराच्या हातची होती आणि इव्हान्स यांनी तसे अभिमानाने सांगितले होते.

आत काय होते ते पाहण्यासारखे आहे. एस हार्लेम नावाचा काळा गुप्तहेर होता. लहान मुलांसाठी परीकथेसारखी चित्रे होती, विनोद होता. आणि लायन मॅन होता. हा महाविद्यालयात शिकलेला अमेरिकी शास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रसंघाने त्याला गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, युरेनियमचा एक डोंगर राखण्यासाठी पाठवले आहे. अंगी अलौकिक शक्ती नाही, पण ऐट सगळी सुपरहीरोची. वेताळाची गोष्ट येथे नेमकी उलटी झाली आहे. आफ्रिकेच्या भूमीचा राखणदार या वेळी काळा आहे आणि तो राखतो आहे ते त्या काळचे सर्वांत मोलाचे खनिज. हिरोशिमाला तेव्हा दोन वर्षेही पुरती झाली नव्हती.

मला त्याहून जास्त विचार करायला लावले ते एस हार्लेमच्या कथेने. तीत गुन्हेगारही काळेच आहेत, झगमगीत सूट घालून फिरणारे लुटारू. आपल्या समाजाचे पहिलेच मासिक आणि त्यात आपलेच गुंड? पण विचार केला तर हेच खरे स्वातंत्र्य आहे. शंभर गोऱ्यांत एकच काळा असला की त्याला निर्दोष असावे लागते. त्याची चूक त्याच्या एकट्याची राहत नाही, सगळ्या जातीच्या खात्यावर जाते. १९९३ मध्ये माइलस्टोन ही संस्था काढणाऱ्या चौघांपैकी ड्वेन मॅकडफी यांनी हाच मुद्दा मांडला होता. एकुलते एक पात्र सगळ्यांचा वकील होऊन बसते आणि त्यामुळे कंटाळवाणे होते. यावर उपाय म्हणजे पुष्कळ पात्रे, एकमेकांशी न पटणारी. इव्हान्स यांच्या ४८ पानांत ते आधीच साधले होते. शूर, चोर, मूल, विदूषक सगळेच काळे, तेव्हा कोणालाच सगळ्यांचा भार वाहायला नको.

दुसरा अंक तयार होता. चित्रे काढून झाली होती. पण ज्यांनी पहिल्या अंकाला कागद विकला होता त्यांनी या वेळी विकला नाही आणि दुसरीकडेही तो मिळेना. मोठ्या प्रकाशकांनी आणि वितरकांनी दडपण आणले असा इव्हान्स यांच्या घरच्यांचा समज होता. दुसरा अंक निघाला नाही. चित्रकथांत कोणाचे चित्र येते याची चर्चा करताना आपण लेखक, चित्रकार, संपादक यांच्या मनाचा विचार करतो. कागदाच्या गठ्ठ्याचा विचार कोणी करीत नाही. 'अस्मितादर्श'सारखी नियतकालिके पदरमोड करून चालवलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको.

पुढची वाट लांब आहे, ती मी झरझर चालतो. मार्व्हलचा ब्लॅक पँथर १९६६ मध्ये आला तो 'फँटास्टिक फोर'च्या मासिकात पाहुणा म्हणून. ल्यूक केजला १९७२ मध्ये पहिल्या अंकापासून स्वतःचे मासिक मिळाले. दोन्ही पात्रे लोकप्रिय झाली. दोन्हींचे पहिले लेखक गोरे होते. माइलस्टोनने मात्र पात्रांची मालकी स्वतःकडे ठेवून वितरण तेवढे डीसीकडे दिले. तिचे मासिक-प्रकाशन १९९७ मध्ये थांबले.

मग २०११ साली एक लक्षणीय गोष्ट घडली. 'अल्टिमेट फॉलआउट' नावाच्या मालिकेच्या चौथ्या अंकात तीन लहान कथा होत्या. त्यांपैकी एकीत स्पायडरमॅनचा पोशाख घातलेला एक मुलगा शेवटी मुखवटा काढतो. तो माइल्स मोरालेस, वडील काळे, आई प्वेर्तो रिकोची. त्याच वर्षी त्याचे मासिक सुरू झाले. कमला खानचेही तसेच. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली ही मुलगी. तिची पहिली पूर्ण छोटी कथा जानेवारी २०१४ च्या एका संमिश्र अंकात आली, पुढच्या महिन्यात तिचे मासिक आले आणि २०१५ मध्ये त्याच्या पहिल्या खंडाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिच्या घडणीत सना अमानत या संपादिकेच्या स्वतःच्या बालपणाचा वाटा आहे, हे वाचताना जाणवते. घरातली बोलणी उसनी वाटत नाहीत. याच्या तुलनेत २००४ ची 'स्पायडरमॅन : इंडिया' आठवावी. मुंबईत राहणारा, धोतर नेसून उड्या मारणारा पवित्र प्रभाकर; पीटर पार्करचे नाव फिरवून केलेला, मेरी जेनची मीरा जैन झालेली. पानांवर मुंबई दिसली म्हणून मला आनंद झाला हे खोटे कशाला सांगू? परंतु सांगाडा परक्याचा आणि अंगरखा आपला, असे ते चार अंक आहेत.

माइल्स आणि कमला या दोघांच्या बाबतीत अंक सर्वांचा होता. कोणी नेहमीच्या नायकांसाठी तो विकत घेतला आणि पान उलटताना त्याला हा अनोळखी मुलगा भेटला. न शोधता भेटला, हे महत्त्वाचे. २०२० पासून मोठ्या कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला, विशेषांकांचा. फेब्रुवारी २०२० मध्ये 'मार्व्हल्स व्हॉइसेस'. नोव्हेंबरात त्याचाच अमेरिकेतल्या मूलनिवासींचा अंक. मे २०२१ मध्ये डीसीचा आशियाई नायकांचा अंक, जूनमध्ये दोन्हीकडून समलिंगी व तृतीयपंथी पात्रांचे अंक. अमेरिकेत ज्या समाजाचा जो महिना पाळतात त्या महिन्यात तो अंक. आपल्याकडे महिला दिनाला पुरवणी निघते, त्यातलाच हा प्रकार. ज्याला त्या समाजाविषयी आधीच आस्था आहे तो अंक घेतो. ज्याला नाही तो पुढच्या महिन्याची वाट पाहतो. पंगत एकच राहिली नाही, वेगळी पाने वेगळ्या दालनात मांडली गेली. वाढप उत्तम, पण दालन वेगळे.

तरीही हे विशेषांक मी टाकाऊ मानीत नाही. त्यांत नव्या लेखकांना पहिले काम मिळाले. दूरदर्शन-मालिकेत ड्रीमर ही तृतीयपंथी नायिका साकारणाऱ्या निकोल मेन्स यांनीच जून २०२१ च्या अंकात तिची कथा लिहिली. आशियाई अंकात जीन ल्युएन यांग आणि बर्नार्ड चँग यांनी मंकी प्रिन्स आणला आणि २०२२ पासून त्याला १२ अंकांची स्वतःची मालिका मिळाली. म्हणून असा अंक हाती आला की मी एवढेच विचारतो: यातले कोण पुढे नेहमीच्या मासिकांत दिसले? ज्यांची आठ पाने आठ पानांवरच संपली, त्यांचे पान मांडले होते ते छायाचित्रापुरते.

कंपन्यांची वाट न पाहता निघालेले एक संकलन आहे, २००९ चे 'सीक्रेट आयडेंटिटीज', आशियाई-अमेरिकी लेखक-चित्रकारांचे. जेफ यांग आणि त्यांच्या तिघा मित्रांनी ते संपादित केले. त्यात जीन ल्युएन यांग आणि सॉनी ल्यू यांची एक कथा आहे: मुखवटाधारी गोरा नायक आणि त्याची गाडी चालवणारा आशियाई माणूस. नाव नायकाचे, काम चालकाचे. लोथारने इतकी वर्षे जे तोंडातून काढले नाही ते येथे चालक बोलतो. याच दोघांनी २०१४ मध्ये 'द शॅडो हिरो' हे पुस्तक केले आणि त्यात ग्रीन टर्टलला आई-बाप दिले, चायनाटाउनमधले घर दिले, आणि सत्तर वर्षे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या त्या माणसाचे तोंड वाचकाकडे वळवले. तो चिनी आहे.

इव्हान्स १९७१ मध्ये वारले. त्यांच्या अंकाला पंचाहत्तर वर्षे झाली त्या निमित्ताने वाचकांच्या वर्गणीतून त्याची नवी आवृत्ती निघाली आणि २०२४ मध्ये तिला आयस्नर पुरस्कार मिळाला. जुन्या ४८ पानांच्या मागे त्याच पात्रांच्या नव्या कथा आहेत, आजच्या काळ्या लेखक-चित्रकारांनी लिहिलेल्या. या वेळी कागद मिळाला.