कार्डावरचा ‘ओ’ खरंच ‘ओ’ आहे का?

रक्तदान शिबिरात मिळालेलं कार्ड पाकिटात असतं, म्हणून काटेवाडी-बारामती पट्ट्यातली तरुण मंडळी रक्तगट छातीठोकपणे सांगतात. ‘ओ पॉझिटिव्ह, डॉक्टर!’ पण हजारोंमध्ये एखादा असा निघतो की त्याला ‘ओ’ रक्तसुद्धा चालत नाही.

‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’ हे ठरवणारं, तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरचं आरएच हे प्रथिन असतं. ए आणि बी मात्र साखरेच्या रेणूंपासून बनतात. पायाला असते ‘एच’ नावाची साखळी. तिच्या टोकाला एक साखर जोडली की ‘ए’, दुसरी जोडली की ‘बी’. ‘ओ’ गटात नुसता ‘एच’ राहतो. काही माणसांत तोही तयार होत नाही. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी १९५२ मध्ये मुंबईत आढळलेल्या अशा रक्ताची माहिती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, म्हणून जगभर त्याचं नाव ‘बॉम्बे’ रक्तगट. भारतात साधारण १० हजारांत एक, युरोपात १० लाखांत एक.

साध्या तपासणीत ए नाही, बी नाही, म्हणून हे रक्त ‘ओ’च वाटतं. मात्र अशा माणसाच्या रक्तद्रवात ‘एच’विरोधी अँटिबॉडी असतात. ‘ओ’ रक्त चढवलं तर त्यातल्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. रक्तपेढीत रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींबरोबर मिसळून उलट तपासणी करतात. गुठळ्या झाल्या की संशय येतो. पुढे क्रॉसमॅचिंग, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून पाहणं, असतंच. ‘गट माहीत आहे, बाटली द्या लवकर’ असा तगादा नातेवाइकांनी लावू नये, तो याचसाठी.

आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे. ती मोडा म्हणून सांगितलं तरी ऐकणार कोण! पण हा गट व्हायला आई आणि वडील, दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं, आणि नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते. आईवडिलांचे गट बहुधा साधेच असतात. एकाला ‘बॉम्बे’ निघाला तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक.

म्हणून गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांतच रक्तगट तपासून घ्या, बाळंतपणाच्या रात्रीवर ठेवू नका. हा गट निघाला तर भावंडांची तपासणी करा, रक्तपेढीत नाव नोंदवा. आणि शिबिरात रक्त देऊन टाकू नका. पेढीचा फोन आला की मात्र जरूर जा.