उघड्या चाकांच्या मोटारीचा आराखडा

शर्यतीच्या मोटारींमध्ये उघड्या चाकांच्या मोटारींचा एक वेगळाच वर्ग आहे. त्यांची चारही चाके अंगाबाहेर असतात व त्यांच्यावर कोणतेही आच्छादन नसते. मोटार हलकी राहावी, हा या रचनेचा मूळ हेतू; परंतु तिच्यातील सर्वांत मोठा धोकाही याच रचनेतून निर्माण होतो. रस्त्यावर पुढे धावणाऱ्या चाकाचा मागचा भाग प्रत्येक क्षणी वर जात असतो, तर पुढचा भाग खाली येत असतो. मागून येणाऱ्या मोटारीचे पुढचे चाक पुढील मोटारीच्या मागच्या चाकाला मागून घासले, तर एक रबर वर ओढते आणि दुसरे त्याच्यावर चढू पाहते. परिणामी मागची मोटार पायरीवरून चढावी तशी हवेत उडते. ताशी साडेतीनशे किलोमीटर वेगाने असे घडले, म्हणजे पुढे काय होईल हे चालकाच्या हाती राहत नाही.

अमेरिकेतील इंडीकार मालिकेत 2011 सालापर्यंत वापरात असलेली मोटार मुळात 2003 मध्ये आणलेली होती. इंजिन पुरवणारी कंपनीही 2006 पासून होंडा ही एकच होती. नवी मोटार कशी असावी हे ठरविण्यासाठी मालिकेच्या चालकांनी एक समिती नेमली. अमेरिकन हवाई दलाचे निवृत्त जनरल विल्यम लूनी हे तिचे अध्यक्ष होते आणि 2003 चा इंडियानापोलिस 500 विजेता जिल द फेरान हा तिचा एक सदस्य होता. समितीपुढे पाच प्रस्ताव आले. त्यांपैकी बेन बोल्बी यांचा ‘डेल्टाविंग’ सर्वांत धाडसी होता. पुढची दोन चाके जवळजवळ चिकटलेली, मागे मात्र रुंदी, असा बाणाच्या टोकासारखा त्याचा आकार होता, आणि निम्म्या वजनात व निम्म्या शक्तीत तोच वेग मिळेल असा त्याचा दावा होता. समितीने तो स्वीकारला नाही. तो आकार पुढे 2012 मध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला, ही गोष्ट त्याची कल्पना केवळ कागदी नव्हती हे दाखवावयास पुरेशी आहे.

जुलै 2010 मध्ये निवड झाली ती इटलीतील वारानो द मेलेगारी येथील डलारा या कारखान्याची. सर्वांसाठी एकच सुरक्षा-कक्ष, म्हणजे चालकाभोवतीचा कार्बन तंतूंचा मजबूत गाभा. आणि त्यावर बसवावयाचे बाहेरचे भाग मात्र निरनिराळ्या कंपन्यांनी बनवावेत, असा विचार होता. खर्च आटोक्यात राहावा व मोटारी एकसारख्या दिसू नयेत, ही दोन उद्दिष्टे एकाच वेळी साधावयाची होती. प्रत्यक्षात निराळे बाह्यभाग 2015 मध्येच शर्यतीत आले. इंजिन 2.2 लिटरचे, सहा सिलिंडरांचे व टर्बोचार्जर बसविलेले ठरले. ते पुरविण्यास होंडा, शेव्हरोले व लोटस पुढे आल्या.

चाकांच्या प्रश्नाचे उत्तर डलाराने दोन प्रकारे दिले. मोटारीचा तळ चाकांच्या बाहेरच्या कडेपर्यंत रुंद केला, जेणेकरून शेजारून धावणाऱ्या मोटारीची चाके एकमेकांत अडकू नयेत; आणि मागच्या चाकांच्या पाठीमागे भरीव ढाली बसविल्या, जेणेकरून मागून येणारे चाक रबराला न लागता ढालीला लागावे. ‘उघडी चाके’ हे नाव ज्या मोटारीला लावावयाचे, तिचीच चाके अर्धवट झाकावयाची, असा हा प्रकार होता. मोटारीच्या रूपावर पुष्कळ टीका झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

पहिल्या चाचण्या ऑगस्ट 2011 मध्ये मिड-ओहायो येथे सुरू झाल्या. चालक होता डॅन व्हेल्डन. त्या वर्षी त्याच्याकडे पूर्ण हंगामाचे काम नव्हते. तरी मे महिन्यात त्याने इंडियानापोलिस 500 दुसऱ्यांदा जिंकली होती. नवी मोटार कोठे अडते, कोणत्या वळणावर पाठ सोडते, हे सांगणारा पहिला माणूस तोच. दि. 16 ऑक्टोबर 2011 रोजी लास व्हेगासच्या लंबगोल मार्गावर हंगामाची शेवटची शर्यत झाली. दीड मैलांच्या त्या मार्गावर 34 मोटारी होत्या आणि मोटार होती ती जुनीच. अकराव्या फेरीत पंधरा मोटारींचा अपघात झाला. व्हेल्डनची मोटार पुढील मोटारीवर आदळून उडाली आणि तारांच्या कुंपणावर जाऊन आदळली. त्यात त्याचा मृत्यू झाला. ज्या प्रकारच्या अपघाताला आळा घालण्यासाठी त्याने नव्या मोटारीची चाचणी घेतली होती, तो हाच. नव्या मोटारीला त्याची आद्याक्षरे देण्यात आली : डीडब्ल्यू 12.

तिची चाचणी मात्र सुरळीत झाली असे म्हणता येणार नाही. मोठ्या लंबगोल मार्गांवर वेग अपेक्षेपेक्षा कमी भरला आणि वजनाचा तोल मागे झुकलेला आढळला. मागच्या ढाली, गिअरपेटी व टर्बोचार्जरचा पसारा सारा मागेच असल्यावर दुसरे काय होणार? दुरुस्त्या करून मोटार मार्च 2012 मध्ये सेंट पीटर्सबर्गला उतरली. मे महिन्यात इंडियानापोलिसला तिने वेगळाच गुण दाखविला. तिच्या जाड अंगामागे हवेत मोठी पोकळी तयार होई व मागची मोटार त्या ओढीत सहज पुढे येई. त्या शर्यतीत आघाडी 34 वेळा बदलली, पुढच्या वर्षी 68 वेळा. जिंकणारा डॅरिओ फ्रँकिटी व्हेल्डनचा जिवलग मित्र होता.

ऑक्टोबर 2013 मध्ये ह्यूस्टनच्या रस्त्यावरील शर्यतीत फ्रँकिटीची मोटार ताकुमा साटोच्या मोटारीच्या मागच्या भागाला लागली, उडाली व कुंपणावर गेली. ढाली तेथे होत्याच. सुरक्षा-कक्ष टिकला आणि चालक वाचला. परंतु पाठीच्या कण्याला व डोक्याला झालेल्या दुखापतींमुळे त्याची शर्यतीतील कारकीर्द संपली. कुंपणाचे तुकडे उडून प्रेक्षकही जखमी झाले. ढालीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, एवढेच यातून कळते; किती कमी होतो हे मोजणे अवघड, कारण न घडलेल्या अपघातांची नोंद कोणी ठेवीत नाही.

ऑगस्ट 2015 मध्ये पोकोनो येथे दुसऱ्या मोटारीचे तुटलेले नाक जस्टिन विल्सनच्या डोक्यावर आदळले व दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. चाके झाकली तरी चालकाचे डोके उघडेच होते. 2018 मध्ये सर्वांसाठी एकच नवे बाह्यरूप आले तेव्हा मागच्या ढाली काढून टाकण्यात आल्या : मोटार सुबक झाली, मागचा भार उतरला, आणि चाके पुन्हा उघडी पडली. 2020 पासून चालकासमोर टायटॅनियमच्या चौकटीत बसविलेला पारदर्शक पडदा आला. या पडद्याने डोके राखले, पण भार पुढे व वर सरकला, कक्षात उष्णता साठू लागली, आणि वारा आत घेण्यासाठी निराळ्या नळ्यांची सोय करावी लागली.

जुलै 2024 मध्ये याच मूळ गाभ्यावर विजेची जोड-यंत्रणा बसवून मोटार प्रथम शर्यतीत धावली. ही शर्यत मिड-ओहायो येथेच झाली. मोटार आता आणखी जड झाली होती, आणि चालकांना तिचा तोल नव्याने शिकून घ्यावा लागला.