फसव्या दुव्यांची चाळणी

मुळा आणि पवना या नद्यांच्या सान्निध्यातील सांगवी हे एकेकाळचे खेडे आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर आहे. पिंपरी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांत काम करणारी अनेक कुटुंबे येथे राहतात. या पट्ट्यातील लहान उद्योजकाकडे मालाची मागणी, बिल आणि बँकेची सूचना आता ई-मेलनेच येते. साहजिकच, ई-मेलमध्ये दडविलेल्या फसव्या दुव्यांचा, म्हणजे लिंकचा, प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांपुरता उरलेला नाही.

एक बोलका निवाडा

पुण्याच्या 'पूना ऑटो अँसिलरीज' या कंपनीचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. बँकेच्या नावाने आलेल्या बनावट ई-मेलला प्रतिसाद दिला गेला आणि कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८०.१० लाख रुपये परस्पर वळविले गेले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये न्यायनिर्णय अधिकारी असलेले राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. फसवणुकीसाठी उघडलेल्या खात्यांची पुरेशी तपासणी न केल्याचा ठपका बँकेवर आला. परंतु फसव्या ई-मेलला उत्तर दिल्यामुळे जबाबदारीचा काही भार तक्रारदारावरही पडला. एका असावध प्रतिसादाची किंमत किती असू शकते, हे या निवाड्यावरून दिसून येते.

वेषांतराचे प्रकार

दुव्याला दोन अंगे असतात: पडद्यावर दिसणारी अक्षरे आणि त्यामागील खरा पत्ता. ही दोन्ही एकच असली पाहिजेत, असे बंधन नाही. त्यामुळे वर बँकेचे नाव आणि खाली भामट्याचे संकेतस्थळ, अशी जोडणी सहज करता येते. कधी पत्त्याच्या आरंभी बँकेचे नाव घालून शेवटी भलतेच नाव जोडले जाते. कधी 'ओ' या इंग्रजी अक्षराच्या जागी शून्य किंवा तसेच दिसणारे रशियन लिपीतील अक्षर योजतात. पत्ता आखूड करणाऱ्या सेवेचा अथवा क्यूआर संकेताचा आडोसाही घेतला जातो.

चाळणी कशी चालते?

नको असलेला व्यापारी ई-मेल प्रथम १९७८ मध्ये अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर काहीशे जणांना पाठविला गेला. त्यानंतर चाळणीचे तंत्र टप्प्याटप्प्याने विकसित झाले. पहिल्या टप्प्यात, पत्र ज्या नावाने आले त्या नावाने पाठविण्याचा अधिकार संबंधित संगणकाला आहे काय, हे पाहिले जाते. दुसऱ्या टप्प्यात शब्दांची छाननी होते. पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे, पूर्वीच्या खऱ्या व खोट्या पत्रांतील शब्दांवरून नव्या पत्राची संभाव्यता ठरविण्याची रीत रूढ झाली. तिसरा टप्पा दुव्यांचा. यंत्र वरची अक्षरे बाजूला सारून खालचा पत्ता काढते, दोहोंत विसंगती आहे काय हे तपासते आणि तो पत्ता काळ्या यादीशी ताडून पाहते.

तथापि ही चाळणी परिपूर्ण नाही. काही तासांपूर्वीच नोंदविलेला पत्ता कोणत्याही काळ्या यादीत नसतो. उलट, छिद्रे फार बारीक केली तर ग्राहकाचे खरे मागणीपत्रही 'स्पॅम' कप्प्यात पडते आणि काम हातचे जाते. म्हणून तो कप्पा रोज पाहणे आणि चुकून अडकलेले पत्र 'स्पॅम नाही' अशी खूण करून बाहेर काढणे हितावह ठरते. त्यातूनच यंत्र शिकत जाते.

शेवटची चाळणी वाचकाची

पत्ता वाचण्याचा नियम सोपा आहे. आरंभीच्या जोड तिरप्या रेषांनंतर जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगत डावीकडील शब्द खऱ्या मालकाचे असतात. तेथून उजवीकडून डावीकडे वाचत जावे. केंद्र व राज्य शासनाच्या अधिकृत पत्त्यांचा शेवट सामान्यतः 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा असतो. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर येण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली होती. संगणकावर दुव्यावर माउसचा बाण नेला, अथवा मोबाइलवर दुवा दाबून धरला, की बहुधा खरा पत्ता दिसतो. शंका आल्यास दुवा न उघडता बँकेचा पत्ता स्वतः टंकित करावा. पुरवठादाराने खाते क्रमांक बदलल्याचे कळविल्यास जुन्या, माहितीच्या दूरध्वनीवर खात्री करून घ्यावी.

एवढे करूनही फसवणूक झाल्यास विलंब करू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर व बँकेकडे तत्काळ कळविल्यास रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडविण्याची शक्यता अधिक असते. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास अधिनियमाच्या कलम ६६-ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु शिक्षा ही नुकसानीनंतरची गोष्ट होय. चाकणच्या कारखान्यात सुटा भाग मापून घेतल्याखेरीज जोडणीला जात नाही. तीच शिस्त ई-मेलमधील दुव्यालाही लावणे अगत्याचे आहे.